वर्षातून एकदाच सहल: ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं चौघांचं कुटुंब. मे महिन्यात किंवा दिवाळीत एक सहल, तीनेक वर्षांतून एकदा परदेश. कार्डावर महिन्याला साधारण ३०,००० रुपये खर्च होतो आणि बिल दरवेळी पूर्ण भरलं जातं. बँक २,५०० रुपये वार्षिक फीचं ट्रॅव्हल कार्ड घ्या म्हणून मागे लागली आहे. घ्यावं का?

माझं उत्तर: एवढ्या प्रवासासाठी फी भरून ट्रॅव्हल कार्ड घेऊ नका. घरखर्चाला चांगलं कॅशबॅक कार्ड ठेवा. परदेशी जायचं नक्की झालं की दोन महिने आधी, फॉरेक्स मार्कअप (परदेशी खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क) नसलेलं आणि वार्षिक फी नसलेलं दुसरं कार्ड काढा. रेल्वेचा प्रवास जास्त असेल तर हिशेब थोडा बदलतो, तो पुढे दिला आहे. क्वचित प्रवास करणाऱ्याचं कार्ड वर्षातले पन्नास आठवडे किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात आणि ऑनलाइन खरेदीत चालतं. तिथे ते काय देतं यावरच निवड करायला हवी. जाहिरातीत मात्र विमान आणि समुद्रकिनारा दिसतो, आणि माणूस त्या दोन आठवड्यांकडे बघून कार्ड घेतो.

आता आकडे मांडू. महिन्याचे ३०,००० असे धरा: किराणा ९,०००, ऑनलाइन खरेदी ६,०००, वीज-मोबाइल-इंटरनेट ४,५००, पेट्रोल ४,०००, विम्याचे हप्ते सरासरी ४,०००, बाहेरचं खाणं आणि किरकोळ २,५००. वर्षाचे झाले ३ लाख ६० हजार. पण पॉइंट या सगळ्यावर मिळत नाहीत. पेट्रोलवर बहुतेक कार्डं फक्त १ टक्का सरचार्ज माफ करतात, पॉइंट देत नाहीत. घरभाडं आणि वॉलेट भरणं बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. वीजबिल, विमा, शाळेची फी, सरकारी भरणा यांवर बँकांनी गेल्या काही वर्षांत एकतर पॉइंट बंद केलेत किंवा महिन्याची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे खात्रीने पॉइंट देणारा खर्च उरला किराणा, ऑनलाइन आणि किरकोळ मिळून महिन्याला १७,५००, वर्षाला २ लाख १० हजार.

या फीच्या ट्रॅव्हल कार्डांत नेहमी दिसणारा दर घेऊ: १५० रुपयांना ४ पॉइंट, आणि विमान किंवा हॉटेल बुकिंगला एका पॉइंटचे ५० पैसे. २ लाख १० हजारांवर ५,६०० पॉइंट, म्हणजे २,८०० रुपये. फी २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी मिळून २,९५०. वर्षअखेरीस तुम्ही १५० रुपये तोट्यात. शिवाय पॉइंट १५०च्या पटीत मोजले जातात. १४० रुपयांच्या खरेदीला शून्य आणि २९० रुपयांच्या खरेदीला १५०चेच चार. किराणा, भाजी, औषधं अशी छोटी बिलं जास्त असतील तर हातात पडणारा आकडा आणखी खाली येतो.

फी माफ होण्यासाठी वर्षाला ३ किंवा ४ लाख खर्चाची अट असते. ४ लाखांची असेल तर तुम्हाला ४०,००० कमी पडतात. त्यासाठी मुद्दाम खर्च वाढवू नका. २,९५० रुपये वाचवायला ४० हजारांची नको असलेली वस्तू घरात येते. हे वर्ष कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, जानेवारीपासून किंवा एप्रिलपासून नव्हे. भाडं आणि वॉलेटसारखे खर्च या मोजणीतूनही वगळलेले असू शकतात. 'पहिल्या वर्षी फीएवढं व्हाउचर परत' ही सवलत ऐकायला बरोबरीची वाटते, पण जीएसटीचे ४५० रुपये गेलेलेच असतात, व्हाउचर एखाद्या ठरावीक ब्रँडचं असतं, आणि दुसऱ्या वर्षापासून बहुधा फक्त फी उरते.

त्याच २ लाख १० हजारांवर ऑनलाइन खरेदीला ५ टक्के आणि बाकी सगळ्याला १ टक्का देणारं कॅशबॅक कार्ड लावून बघा. ऑनलाइनचे ७२,००० गुणिले ५ टक्के म्हणजे ३,६००. उरलेल्या १ लाख ३८ हजारांवर १,३८०. एकूण ४,९८० रुपये, तेही थेट बिलातून वजा. अशा कार्डाची फी हजाराच्या आसपास असते आणि २ लाखांच्या खर्चावर ती सहसा माफ होते. दोन कार्डांत वर्षाला पाच हजारांचा फरक पडला, आणि हे पाच हजार कुठल्याही विमान कंपनीचं, एसटीचं किंवा होमस्टेचं बिल भरायला चालतात.

यावर बँक म्हणेल की तुम्ही सहलीची तिकिटं धरलीच नाहीत. आमच्या पोर्टलवरून काढलीत तर पाचपट पॉइंट मिळतील. ठीक, तेही मोजू. चौघांची ३२,००० रुपयांची तिकिटं पोर्टलवरून काढली, १५० रुपयांना २० पॉइंट मिळाले, तर साधारण ४,२६० पॉइंट म्हणजे २,१३० रुपये. आता तीच तिकिटं नेहमीच्या बुकिंग साइटवर बघा. तिथे आठवड्याच्या ठरावीक दिवशी कुठल्या ना कुठल्या बँकेच्या साध्या कार्डावरही १० ते १२ टक्के तत्काळ सूट असते, कमाल मर्यादा बहुतेकदा दीड-दोन हजारांची. शिवाय पोर्टलवरचं भाडं आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचं भाडं एकच असेल असं नाही, आणि माणशी सुविधा शुल्क वेगळं लागतं. तिन्ही ठिकाणी शेवटच्या पानावरची, पैसे भरण्याआधीची रक्कम बघून ठरवा. पाचपट पॉइंटचा फायदा बऱ्याचदा तिथेच विरतो.

पॉइंट साठवण्यातली खरी अडचण

वर्षाला पन्नास विमानं करणाऱ्याचे पॉइंट येतात आणि लगेच वापरलेही जातात. तुमचे पडून राहतात. पॉइंट पडून राहिले की त्यांना तीन गोष्टी खातात.

पहिली मुदत. बँकेचे पॉइंट सहसा दोन ते तीन वर्षांत बाद होतात. विमान कंपनीच्या मैलांना, म्हणजे तिच्या स्वतःच्या पॉइंटना, वेगळी अट असते: अमुक महिन्यांत एकदा तरी त्याच कंपनीने उडायला हवं किंवा खात्यात हालचाल हवी. एक वर्ष रेल्वेने केरळ आणि दुसऱ्या वर्षी गाडीने कोकण असा तुमचा क्रम असेल तर ही अट आपोआप मोडते.

दुसरी अवमूल्यन. पॉइंटचा दर बँक ठरवते आणि थोड्या दिवसांची सूचना देऊन बदलू शकते. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण भारतातल्या कार्डवाल्यांना पाठ आहे. १ सप्टेंबर २०२३ पासून पॉइंटचे मैल करण्याचं प्रमाण ५ ला ४ वरून ५ ला २ झालं. साठवलेल्या पॉइंटची किंमत मैलांच्या हिशेबाने एका तारखेला निम्मी झाली. महिन्याला लाखभर खर्चावर मिळणारे २५,००० जादा पॉइंटही तेव्हाच बंद झाले. बँकेतल्या पैशावर निदान व्याज मिळतं. पॉइंटवर ते नाही आणि किंमत टिकण्याची हमीही नाही.

तिसरी गोष्ट विमान कंपनीच बंद पडणं किंवा विलीन होणं. किंगफिशरची विमानं २०१२ साली थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात गेले, पण तिच्या नावाची जी कार्डं वेगवेगळ्या बँकांनी दिली होती त्यांचा मूळ फायदा, म्हणजे ठरावीक खर्चावर मिळणारी मोफत तिकिटं, गुंडाळावा लागला. म्हणून एकाच विमान कंपनीच्या नावाचं को-ब्रँडेड कार्ड क्वचित उडणाऱ्याने घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या गावाहून त्या कंपनीची थेट सेवा आज आहे, पुढच्या उन्हाळी वेळापत्रकात असेलच असं सांगता येत नाही.

मैल देऊन 'मोफत' तिकीट काढण्याबद्दलही दोन शब्द. अशा तिकिटात मूळ भाडं मैलांतून जातं. विमानतळ शुल्क, कर आणि बऱ्याच कंपन्यांत इंधन अधिभार रोख भरावा लागतो. कमी मैलांत मिळणाऱ्या जागा प्रत्येक विमानात मोजक्या असतात. शाळांच्या सुट्टीत, म्हणजे नेमक्या तुमच्या तारखांना, एकाच विमानात अशा चार जागा मिळणं फार अवघड. एकट्या, तारीख पुढेमागे करू शकणाऱ्या प्रवाशासाठी बांधलेली ही व्यवस्था आहे. परीक्षा संपल्यावर निघणाऱ्या कुटुंबाला ती फारशी उपयोगी पडत नाही.

हातात आधीच पॉइंट असतील तर साठवू नका, वर्षातून एकदा मोडा, म्हणजे वापरून टाका. मोडताना बऱ्याच बँका दरवेळी ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे जवळपास ११७ रुपये घेतात. २५० रुपयांचे पॉइंट मोडले तर निम्मे शुल्कातच जातात, त्यामुळे वर्षाचे एकदम मोडा. एकाच पॉइंटला वेगवेगळा भाव असतो: विमान-हॉटेलला ५० पैसे देणारी बँक बिलात वळते करताना २०-२५ पैसेच देते. तिकिटाची पूर्ण रक्कमही पॉइंटमधून भरता येत नाही अशी अट काही बँकांत आहे. ५० ते ७० टक्के पॉइंटमधून आणि उरलेली रक्कम त्याच कार्डावर.

लाउंजबद्दल

लाउंजसाठी, म्हणजे विमानतळावरच्या बसण्या-खाण्याच्या खास दालनासाठी, फीचं कार्ड घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, प्रवेश आता खर्चाच्या अटीवर मिळतो. बँकेनुसार आणि कार्डानुसार तिमाहीला १०,००० पासून ५०,०००, ७५,००० ते १ लाखापर्यंत खर्च लागतो. कुठे 'मागची कॅलेंडर तिमाही' मोजतात, कुठे 'मागचे तीन महिने'. मे महिन्यात जाणाऱ्याचा जानेवारी ते मार्चचा खर्च बघितला जातो. तुमचा तिमाही खर्च ९०,०००, त्यामुळे १ लाखाची अट असलेल्या कार्डावर नेमक्या सहलीच्या वेळी दार बंद. दोन, प्रवेश कार्डधारकाला असतो. तुम्ही चौघे, एका कार्डावर एकाच भेटीत सगळे जात नाहीत, आणि दोन वर्षांवरच्या मुलांना बहुतेक लाउंज पूर्ण माणूस धरतात. बाकीच्यांनी बाहेर बसायचं की दारात पैसे भरायचे हा प्रश्न उरतो. तीन, तुमच्या विमानतळावरच्या, तुमच्याच टर्मिनलवरच्या लाउंजचं नाव कार्डाच्या यादीत आहे का ते बघा. मुंबईत टर्मिनल १ वरून उडणाऱ्याला टर्मिनल २ चं लाउंज कामाचं नाही.

प्रायोरिटी पासचं (लाउंज प्रवेशाचं वेगळं) चकचकीत कार्ड सोबत आलं तर भारतातल्या लाउंजमध्ये ते दाखवू नका. बऱ्याच कार्डांवर ते फक्त परदेशासाठी मोफत असतं आणि इथल्या भेटीचं डॉलरमधलं शुल्क पुढच्या बिलात येतं.

परदेश प्रवास: इथे मात्र कार्ड नीट निवडा

क्वचित प्रवास करणाऱ्याचा सगळ्यात मोठा पैसा या एका ठिकाणी वाचतो. कार्ड परदेशात वापरलं की व्हिसा किंवा मास्टरकार्ड ही नेटवर्क कंपनी आपल्या दराने रुपये काढते, आणि त्यावर तुमची बँक फॉरेक्स मार्कअप लावते. साध्या कार्डावर तो ३.५ टक्के असतो. मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. परदेशात हॉटेल, रेल्वे, खरेदी मिळून २ लाख खर्च झाले तर ७,००० मार्कअप आणि १,२६० जीएसटी, एकूण ८,२६०. 'प्रीमियम' कार्डांवर मार्कअप सहसा २ टक्के असतो. तेव्हा ४,७२० जातात. शून्य मार्कअपच्या कार्डावर काहीच नाही. वर काढलेल्या २,९५० फीच्या कार्डावर मार्कअप ३.५ टक्के असेल तर २ लाखांवर साधारण २,६६६ रुपयांचे पॉइंट मिळतील आणि ८,२६० कापले जातील. मार्कअपकडे न बघता पॉइंटकडे बघणारा इथे फसतो.

शून्य मार्कअपची, वार्षिक फी नसलेली कार्डं भारतात मिळतात. फेडरल बँकेचं स्कॅपिया हे त्यातलं एक. आयडीएफसी फर्स्ट बँकेचं 'वाव' कार्ड मुदत ठेवीवर मिळतं. ठेवीवरच्या कार्डाला उत्पन्नाचा पुरावा लागत नाही, म्हणून निवृत्त आई-वडिलांना मुलांकडे अमेरिकेला किंवा जर्मनीला जायचं असेल तर हा मार्ग सोपा पडतो: ठेवीवर व्याज चालू राहतं आणि कार्ड त्यांच्या स्वतःच्या नावाचं असतं. आरबीएलच्या वर्ल्ड सफारीसारखी शून्य मार्कअपची कार्डं फी घेतात; वर्षाआड परदेश नसेल तर ती नकोत. कुठलंही घ्या, अर्जाच्या दिवशी बँकेच्या साइटवरची 'महत्त्वाच्या अटी-शर्ती' ही पीडीएफ उघडा आणि त्यात परकीय चलन व्यवहाराचं शुल्क, रोख काढण्याचं शुल्क, वार्षिक फी आणि पॉइंट न मिळणारे खर्च हे चार मुद्दे स्वतः वाचा. विक्री करणाऱ्याच्या तोंडी आश्वासनाला पुढे आधार राहत नाही.

शून्य मार्कअपचं कार्ड घेऊनही पैसे जातात ती जागा म्हणजे दुकानातलं मशीन. 'रुपयांत भरणार की युरोत?' असं ते विचारतं. रुपया दिसला की आपल्याला बरं वाटतं, पण तो दर दुकानाच्या बाजूची कंपनी लावते आणि तो बाजारभावापेक्षा बराच महाग असतो. शिवाय परदेशातल्या रुपयांतल्या व्यवहारावर अनेक बँका आणखी १ टक्क्याच्या आसपास शुल्क लावतात, शून्य मार्कअपच्या कार्डावरसुद्धा. नेहमी तिथलंच चलन निवडा. मशीन दुकानदाराच्या हातात असेल तर त्याने बटण दाबण्याआधी सांगा. हाच प्रकार घरबसल्याही होतो: परदेशी हॉटेल साइट रुपयांत किंमत दाखवते, पण व्यापारी परदेशात नोंदलेला असतो आणि बिलात ते शुल्क दिसतं.

क्रेडिट कार्डाने परदेशात एटीएममधून रोख काढू नका. बहुतेक कार्डांवर रकमेच्या २.५ टक्के किंवा किमान काहीशे रुपये शुल्क आणि काढल्या दिवसापासून व्याज. सुट्या पैशांसाठी थोडी नोटांची रक्कम किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) न्या. फॉरेक्स कार्डात डॉलर भरून युरोत खर्च केला तर त्यावर पुन्हा चलनबदलाचं शुल्क लागतं, म्हणून जिथे जाताय तिथलंच चलन भरा.

कराचा एक गैरसमज अजून फिरतो आहे. परदेशात क्रेडिट कार्ड वापरलं की २० टक्के टीसीएस (आधीच कापून घेतला जाणारा कर) लागतो, असं मे २०२३ च्या अधिसूचनेनंतर पसरलं. २८ जून २०२३ रोजी सरकारने क्रेडिट कार्डापुरता तो बदल पुढे ढकलला. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च परदेशी पैसे पाठवण्याच्या मर्यादेत धरला जात नाही आणि त्यावर टीसीएस नाही. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड मात्र त्या मर्यादेत येतात. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेला टीसीएस लागतो. टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलं तर त्यावर पहिल्या रुपयापासून कापला जातो, विवरणपत्रात तो वळता करून घ्या.

नेटवर्क व्हिसा किंवा मास्टरकार्ड असू द्या. रुपे क्रेडिट कार्ड इथे यूपीआयला जोडून टपरीपासून मॉलपर्यंत चालतं, घरखर्चाला उत्तम. युरोपातल्या छोट्या हॉटेलात ते चालेल याची खात्री धरू नका. आणि एकच कार्ड घेऊन जाऊ नका. एक पाकिटात, दुसरं बॅगेत, शक्यतो वेगळ्या बँकेचं.

निघायच्या आठवड्यात ॲप उघडून आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात, आणि हे न केल्यामुळेच पहिल्या रात्री हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारलं जातं. पिन पाठ करा, कारण परदेशात ओटीपीऐवजी पिन मागतात. उलट परदेशी वेबसाइटवर बऱ्याचदा ओटीपीही विचारत नाहीत. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मिळाले की व्यवहार होतो. म्हणून आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापराची मर्यादा अगदी कमी ठेवा किंवा बंदच ठेवा आणि परत आल्यावर सगळंच बंद करा. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे संदेश त्यावर येतात. न केलेला व्यवहार दिसला तर लगेच कार्ड ब्लॉक करून तक्रार क्रमांक घ्या: बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याकडून फसवणूक झाली आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर कमाल १०,००० रुपये तुमच्या माथी येऊ शकतात.

हॉटेल आणि भाड्याची गाडी घेताना अनामत म्हणून कार्डाची मर्यादा काही दिवस अडकवून ठेवतात. ४०,०००ची मर्यादा असलेल्या नव्या कार्डावर गाडीवाल्याने ३०,००० अडकवले की जेवणाचं बिल भरायला उरत नाही. गाडी घेणार असाल तर चालवणाऱ्याच्या नावाचं, हातात धरता येणारं क्रेडिट कार्ड लागतं. ॲपमधलं चालत नाही.

कार्डासोबत येणाऱ्या 'प्रवास विम्या'वर विसंबू नका. तो बहुतेकदा विमान अपघाताचा विमा असतो, आणि तोही तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तरच. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. त्यासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यावीच लागते. ज्येष्ठांना अमेरिकेला नेताना तर आधीचे आजार लिहून दिलेली पॉलिसीच घ्या.

तुमचा प्रवास रेल्वेचा असेल तर

नागपूर, सोलापूर, कोकण किंवा दक्षिणेत वर्षातून तीन-चार वेळा वातानुकूलित डब्याने जाणं होत असेल, तर विमानाच्या कार्डापेक्षा रेल्वेचं कार्ड जास्त देतं. आयआरसीटीसी-एसबीआय प्लॅटिनम कार्डाची पहिल्या वर्षाची फी ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. आयआरसीटीसीच्या साइटवर किंवा ॲपवर काढलेल्या एसी-१, एसी-२, एसी-३ आणि चेअर कारच्या तिकिटांवर १० टक्क्यांपर्यंत पॉइंट, एका पॉइंटचा एक रुपया, आणि तिकिटावरचं १ टक्का व्यवहार शुल्क माफ. चौघांच्या २४,००० रुपयांच्या तिकिटांवर २,४०० रुपयांचे पॉइंट होतात, म्हणजे पहिल्या वर्षी फी जाऊन १,८०० च्या आसपास उरतात. स्लीपरला ही टक्केवारी नाही. पॉइंट पुन्हा रेल्वे तिकिटालाच वापरायचे, त्यामुळे रेल्वेने नियमित जाणाऱ्यालाच ते सोयीचं. घरखर्च या कार्डावर टाकू नका. तिथे १२५ रुपयांना एकच पॉइंट आहे.

फीचं ट्रॅव्हल कार्ड कधी घ्यावं? पॉइंट देणारा खर्च वर्षाला ४ लाखांवर असेल, फी आपोआप माफ होत असेल, आणि मोठ्या खर्चाच्या टप्प्यावर मिळणारं व्हाउचर तुम्ही एरवीही जिथे राहणार होता त्याच हॉटेलचं असेल, तेव्हा. घरात लग्न आहे, घराचं फर्निचर करायचं आहे, अशा वर्षी खर्च एकदम सहा-सात लाखांवर जातो. ते एक वर्ष असं कार्ड घेऊन पुढच्या फीच्या आधी बंद करणं व्यवहार्य आहे. त्यात दागिने, भाडं, पाच-सहा हप्त्यांत वळवलेली खरेदी यांवर पॉइंट मिळतात का ते आधी बघा. हप्त्यांवर बहुतेकदा मिळत नाहीत, आणि 'नो कॉस्ट' हप्त्यांतही व्याजावरचा जीएसटी व प्रोसेसिंग शुल्क लागतंच.

या सगळ्याला एकच अट आहे: बिल पूर्ण आणि वेळेवर. व्याज महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के, वर्षाला ४५ टक्क्यांपर्यंत. ६०,००० च्या सहलीचं बिल महिनाभर थकलं तर ३.७५ टक्क्यांनी २,२५० व्याज आणि ४०५ जीएसटी, मिळून २,६५५. वर्षभराचे पॉइंट एका महिन्यात गेले. 'किमान देय रक्कम' भरली तरी व्याज थांबत नाही, आणि नव्या खरेदीवरही व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. सहलीच्या आधीच पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट लावून ठेवा. परदेशात असताना देय तारीख येऊन जाते.

अर्ज एका वेळी एकाच बँकेत करा. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिल अहवालात (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत) नोंदली जाते आणि लागोपाठ चार दिसल्या की पुढचा अर्ज नाकारला जाण्याची शक्यता वाढते. तुमचं पगार खातं जिथे आहे तिथे आधी विचारा. जुनं, विनाफीचं कार्ड बंद करू नका, त्याचं वय तुमच्या सिबिल गुणांकाला मदत करतं. पण वर्षभर न वापरलेलं कार्ड बँक कळवून बंद करू शकते, म्हणून सहा महिन्यांतून एखादी छोटी खरेदी त्यावर करा.

फीचं कार्ड आधीच घेतलं असेल तर वर्ष पूर्ण व्हायच्या महिनाभर आधी तारीख नोंदवून ठेवा. ग्राहक सेवेला फोन करून कार्ड बंद करायचं आहे असं सांगा. अनेकदा फी माफ करण्याचा किंवा विनाफीच्या कार्डात बदलून देण्याचा प्रस्ताव येतो, तो लेखी मागा. बंदच करायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी पॉइंट मोडा, मग सगळे ऑटो-पेमेंट दुसऱ्या कार्डावर हलवा, मग पूर्ण बाकी भरा आणि नंतर ईमेलने किंवा ॲपमधून बंद करण्याची विनंती करा. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. विनंतीची तारीख असलेला ईमेल जपून ठेवा, आणि दोन महिन्यांनी सिबिल अहवालात खातं 'बंद' दिसतंय का ते पाहा.